दोन भाऊ, एक तह : 'द विंड दॅट शेक्स द बार्ली' आणि आयर्लंडची यादवी

केन लोच या ब्रिटिश दिग्दर्शकाचा 'द विंड दॅट शेक्स द बार्ली' हा चित्रपट 2006 सालच्या कान महोत्सवात दाखवला गेला आणि तिथला सर्वोच्च 'पाम द'ओर' पुरस्कार त्याला एकमताने मिळाला. हाँगकाँगचे वाँग कार-वाय त्या वर्षी परीक्षकांचे अध्यक्ष होते. चित्रपटाचे कथानक 1920 साली आयर्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला, कॉर्क काउंटीत सुरू होते आणि आयर्लंडच्या यादवीत संपते. आधी ब्रिटिशांशी युद्ध, मग आयरिशांचे आयरिशांशी युद्ध, असे त्याचे सरळ दोन भाग पडतात. या लढ्यावरचे बहुतेक चित्रपट पहिल्या युद्धात रमतात आणि दुसरे उरकून टाकतात. लोच यांनी पहिल्या भागातला जवळजवळ प्रत्येक प्रसंग दुसऱ्याची तयारी म्हणून रचला आहे. स्वातंत्र्य कशासाठी हवे होते आणि मिळाले तेव्हा ते कोणाच्या हाती गेले, हा या चित्रपटाचा खरा विषय आहे.

चित्रपटाचे नाव रॉबर्ट ड्वायर जॉइस या एकोणिसाव्या शतकातल्या कवीच्या एका गीतावरून घेतले आहे. गीताला पार्श्वभूमी आहे 1798 च्या बंडाची. प्रेयसीला मागे ठेवून बंडखोरांत जाणारा एक तरुण त्यात आहे. त्या बंडातले लोक शिदोरी म्हणून खिशात सातूचे दाणे बाळगत आणि त्यांना जिथे एकत्र पुरले तिथे पुढच्या हंगामात सातू उगवून आला, अशी आख्यायिका आयर्लंडमध्ये सांगितली जाते. चित्रपटात हे गीत एका कोवळ्या मुलाच्या प्रेताजवळ बसून गायले जाते. पार्श्वसंगीत म्हणून ते कुठेही चिकटवलेले नाही.

लोच यांचा जन्म 1936 चा, इंग्लंडमधल्या ननीटनचा. 1966 साली बीबीसीसाठी केलेल्या 'कॅथी कम होम' या बेघरांवरील नाट्याने आणि 1969 च्या 'केस' या चित्रपटाने ते नावारूपाला आले. ब्रिटिश कामगारवर्ग हा त्यांचा कायमचा विषय. इतिहासाकडेही ते त्याच वाटेने जातात. 'लँड अँड फ्रीडम' (1995) या स्पेनच्या यादवीवरील चित्रपटात गावची जमीन सामुदायिक करावी की नाही यावर गावकऱ्यांची लांबलचक चर्चा आहे, आणि पाहणाऱ्याला लढायांपेक्षा ती चर्चाच अधिक आठवते. उत्तर आयर्लंडवर त्यांनी 1990 साली 'हिडन अजेंडा' केला होता. 2006 च्या चित्रपटाची पटकथा पॉल लॅव्हर्टी यांची. लॅव्हर्टी यांचा जन्म कोलकात्याचा, आई आयरिश, वडील स्कॉटिश. शिक्षणाने ते वकील आणि 1980 च्या दशकात निकाराग्वात मानवी हक्कांचे काम केलेले. चित्रपटात जी जी वादावादी येते तिला कोर्टातल्या युक्तिवादाची धार आहे, ती काही योगायोगाने आलेली नाही.

चित्रीकरण मुख्यत्वे कॉर्क काउंटीतच झाले. तुरुंगातली दृश्ये डब्लिनच्या किल्मेनहॅम तुरुंगात घेतली. हा तुरुंग आता संग्रहालय आहे, आणि 1916 च्या उठावाच्या बहुतेक नेत्यांना इथेच गोळ्या घातल्या गेल्या. लोच आपले चित्रपट कथेच्या क्रमानेच चित्रित करतात आणि नटांना पुढची पाने आधी देत नाहीत. कोण मरणार, कोण फितूर होणार, हे नटाला त्या त्या टप्प्यावरच कळते. गर्दीतले, सभेतले, न्यायालयातले चेहरे मोठ्या प्रमाणावर स्थानिक लोकांचे आहेत. मुख्य भूमिकेतला किलियन मर्फी स्वतः कॉर्कचा. पुढे 2024 मध्ये 'ओपनहायमर'साठी ऑस्कर मिळवणारा नट तो हाच. कॉर्कच्या विद्यापीठातले इतिहासकार डोनल ओ'ड्रिस्कॉल या चित्रपटाचे सल्लागार होते.

कथा सुरू होण्यापूर्वीचा इतिहास चित्रपट सांगत बसत नाही, म्हणून तो इथे थोडक्यात पाहायला हवा. एप्रिल 1916 मध्ये, पहिले महायुद्ध चालू असताना, डब्लिनमध्ये ईस्टरच्या आठवड्यात उठाव झाला. तो सहा दिवसांत चिरडला गेला आणि 16 जणांना मृत्युदंड झाला. उठावाच्या वेळी लोकांनी बंडखोरांना शिव्या घातल्या होत्या. मृत्युदंडांनंतर वारे फिरले. डिसेंबर 1918 च्या निवडणुकीत आयर्लंडच्या 105 जागांपैकी 73 जागा स्वातंत्र्यवादी शिन फेन पक्षाने जिंकल्या. निवडून आलेल्यांनी लंडनच्या संसदेत बसायचे नाकारून 21 जानेवारी 1919 रोजी डब्लिनमध्ये आपली स्वतंत्र संसद, 'डाइल', भरवली. त्याच दिवशी टिपरेरी काउंटीत सोलोहेडबेग इथे दोन पोलिसांना ठार मारून स्फोटके पळवण्यात आली. आयर्लंडच्या स्वातंत्र्ययुद्धाची सुरुवात इथून धरतात. डाइलने पहिल्याच बैठकीत एक 'लोकशाही कार्यक्रम' मंजूर केला होता. खाजगी मालमत्तेचा हक्क सार्वजनिक हितापुढे दुय्यम राहील, अशा अर्थाचे कलम त्यात होते. मजूर पक्षाचे टॉमस जॉन्सन यांनी मसुदा केला आणि तो मंजूर होण्यापूर्वी बराच सौम्य करण्यात आला. हा कागद लक्षात ठेवावा. लोच यांच्या चित्रपटाचा अर्धा राग त्याच्यापासून निघतो.

पोलीस ठाणी ओस पडू लागली, आयरिश पोलीस नोकऱ्या सोडू लागले, तेव्हा ब्रिटिश सरकारने महायुद्धातून परतलेल्या बेकार सैनिकांची भरती करून त्यांना आयर्लंडमध्ये पाठवले. मार्च 1920 मध्ये त्यांची पहिली तुकडी उतरली. पुरेसे गणवेश नव्हते, म्हणून अर्धा खाकी लष्करी आणि अर्धा गडद पोलिसी वेष त्यांना मिळाला. त्यावरून 'ब्लॅक अँड टॅन्स' हे नाव पडले. पगार रोजचा 10 शिलिंग. जुलैपासून माजी लष्करी अधिकाऱ्यांचे 'ऑक्झिलरी' दल आले, त्यांना रोजचा एक पौंड. हल्ला कुठे झाला की जवळच्या गावाची घरे, दूध संकलनाच्या डेअऱ्या जाळायच्या, असा त्यांचा खाक्या होता. ऑगस्ट 1920 च्या कायद्याने लष्करी न्यायालयांना विस्तृत अधिकार मिळाले. या अत्याचारांच्या बातम्या हिंदुस्थानातही पोहोचल्या. 28 जून 1920 रोजी जालंधरला कनॉट रेंजर्स या आयरिश पलटणीतल्या सैनिकांनी आपल्या देशात जे चालले आहे त्याचा निषेध म्हणून काम करायला नकार दिला. सोलनच्या छावणीतही बंड पसरले. त्यांच्यातला जेम्स डेली याला 2 नोव्हेंबर 1920 रोजी डगशाईच्या तुरुंगात गोळ्या घातल्या गेल्या.

चित्रपटाचे पहिले दृश्य हर्लिंगच्या सामन्याचे आहे. काठ्या आणि चेंडू घेऊन खेळला जाणारा हा आयरिश मैदानी खेळ त्या काळी नुसता खेळ उरला नव्हता. 1918 मध्ये सरकारने परवान्याशिवाय सामने भरवायला बंदी केली आणि 4 ऑगस्ट 1918 रोजी देशभर एकाच वेळी सामने खेळून ती बंदी मोडण्यात आली. सामना संपवून घरी आलेल्या मुलांना ब्लॅक अँड टॅन्स भिंतीशी उभे करतात आणि नावे विचारतात. सतरा वर्षांचा मिहॉल आपले नाव इंग्रजीत सांगायला तयार होत नाही. त्याला आत नेऊन मारून टाकतात. डॅमियन ओ'डोनोव्हन (मर्फी) हा नुकताच डॉक्टर झालेला तरुण हे पाहतो, आणि तरीही लंडनच्या इस्पितळातली नोकरी धरायला निघतो. त्याचा थोरला भाऊ टेडी (पॉड्रिक डिलेनी) मात्र आधीपासूनच आयआरएच्या (आयरिश रिपब्लिकन आर्मी या बंडखोर सेनेच्या) स्थानिक तुकडीचा म्होरक्या आहे. धाकटा सुशिक्षित आणि साशंक, थोरला कृतिशील आणि निश्चिंत. शेवटपर्यंत येता येता या जागांची अदलाबदल होते, आणि पटकथेचे सगळे कौशल्य त्या अदलाबदलीत आहे.

डॅमियनचे मन फिरते ते रेल्वे स्थानकावर. सशस्त्र सैनिकांना गाडीत घ्यायला इंजिन ड्रायव्हर आणि गार्ड नकार देतात. त्यांना बंदुकीच्या दस्त्यांनी मारले जाते, तरी गाडी हलत नाही. हे दृश्य कल्पित नाही. मे 1920 मध्ये डब्लिनच्या गोदी कामगारांनी युद्धसाहित्य उतरवायला नकार दिला आणि लगोलग रेल्वे कामगारांनी शस्त्रे किंवा सशस्त्र सैनिक असलेल्या गाड्या चालवणे थांबवले. शेकडो कामगारांना घरी बसवण्यात आले, तरी डिसेंबरपर्यंत हा बहिष्कार टिकला. ब्रिटिश सैन्याला त्याचा ताप झाला तो साध्या कारणाने: सैनिकांना रस्त्याने लॉरीतून जावे लागले, आणि रस्त्यावर दबा धरून बसणे आयआरएला सोपे होते. आयरिश युद्धाच्या बहुतेक चित्रपटांत गनिमी काव्याचे वीर असतात, कामगार संघटना नसते. लोच यांच्या चित्रपटात ड्रायव्हर डॅन (लियम कनिंगहॅम) हा प्रमुख पात्रांपैकी एक आहे. 1913 च्या डब्लिनच्या टाळेबंदीतून तो तावून निघालेला. जेम्स कॉनोली हे त्याचे गुरू. कॉनोली हे 1916 च्या उठावातले समाजवादी नेते. जखमी अवस्थेत खुर्चीला बांधून त्यांना गोळ्या घातल्या गेल्या. इंग्रज गेले, डब्लिनच्या किल्ल्यावर हिरवा झेंडा चढला, तरी जमीनदार आणि भांडवलदार जागच्या जागी राहिले तर आपण काहीच मिळवले नाही, हा त्यांचा 1897 मधला विचार डॅन आणि डॅमियन तुरुंगात एकमेकांना ऐकवतात.

त्या तुरुंगात टेडीची नखे पकडीने उपटली जातात. हा प्रसंग पाहून काही ब्रिटिश समीक्षक खवळले, पण त्याला कॉर्कच्याच इतिहासाचा आधार आहे. जुलै 1920 मध्ये बँडनजवळ टॉम हेल्स आणि पॅट हार्ट या दोन आयआरए अधिकाऱ्यांना पकडून ब्रिटिश अधिकाऱ्यांनी त्यांचा असाच छळ केला. हार्ट त्यातून सावरला नाही, त्याचे मन कायमचे बिघडले. हेल्सने तोंड उघडले नाही. याच टॉम हेल्सचे नाव पुढे यादवीच्या हकिगतीत पुन्हा येईल.

तुकडीची बातमी फोडणारा क्रिस रायली हा सर जॉन हॅमिल्टन (रॉजर अॅलम) या जमीनदाराकडचा पोरगा नोकर. हॅमिल्टन आणि एक लष्करी अधिकारी त्याला धमकावून माहिती काढून घेतात. वरून हुकूम येतो, हॅमिल्टन आणि क्रिस दोघांना मारायचे. क्रिसला लहानपणापासून ओळखणारा डॅमियन हे काम स्वतःकडे घेतो. गोळी घालण्यापूर्वी तो स्वतःशी जे बोलतो त्याचा आशय इतकाच, की ज्या आयर्लंडसाठी हे चालले आहे ते एवढ्या किमतीचे असो. नंतर क्रिसच्या आईला तो डोंगरातली कबर दाखवतो आणि ती त्याला सांगते, पुन्हा तुझे तोंड पाहायचे नाही. आयआरएने फितूर ठरवून मारलेल्यांची संख्या कॉर्कमध्ये सर्वांत मोठी होती. त्यांच्यापैकी काही खरोखर फितूर होते, काही निव्वळ संशयाचे बळी. चित्रपट इथे खरा फितूर दाखवतो, पण फितुरीचे कारण भीती आणि कोवळे वय हे आहे हेही लपवत नाही. हॅमिल्टनच्या तोंडी एक भाकीत घातले आहे: तुमच्या हाती देश गेला तर तो पाद्र्यांच्या मुठीतला मागासलेला कोपरा होईल. स्वतंत्र आयर्लंडमध्ये पुढची पन्नास वर्षे घटस्फोट, संततिनियमन आणि पुस्तकांवरची बंदी यांत चर्चचा जो शब्द चालला तो आठवला, की शत्रूच्या तोंडी सत्य घालण्याचे लॅव्हर्टी यांचे धाडस लक्षात येते.

पण सगळ्या चित्रपटाचा कणा म्हणावा असा प्रसंग आहे न्यायालयाचा. डाइलने 1920 मध्ये ब्रिटिश न्यायालयांना पर्याय म्हणून स्वतःची न्यायालये चालू केली. न्यायाधीश गावातलेच, स्त्रियाही न्यायदानाला बसत. निकालाची अंमलबजावणी आयआरए करी. ब्रिटिश कोर्टे कित्येक ठिकाणी ओस पडली, कारण वकील आणि पक्षकार दोघेही इकडे येऊ लागले. चित्रपटात एका गरीब म्हातारीकडून अवाच्या सव्वा व्याज घेणाऱ्या सावकाराविरुद्ध दावा येतो. न्यायाधीश बाई म्हातारीच्या बाजूने निकाल देतात आणि सावकाराला पैसे परत करायला सांगतात. टेडी त्याला सरळ न्यायालयातून बाहेर काढतो, कारण तुकडीच्या बंदुकांसाठी पैसा तोच देतो. मग जी खडाजंगी होते ती मिनिटामिनिटाला तापत जाते. टेडीचे म्हणणे, बंदुका नसतील तर न्यायालयही नसेल. डॅनचे म्हणणे, सावकाराला हात लावायचा नसेल तर गरिबाने आपल्याला कशासाठी आसरा द्यावा? दोघांचेही बोलणे पटण्याजोगे आहे, आणि दिग्दर्शकाचा कल कुठे आहे हे दिसत असूनही टेडी मूर्ख ठरत नाही.

इतिहासात हा तंटा अनेक रूपांत झाला. 1920 च्या वसंतात पश्चिम आयर्लंडमध्ये भूमिहीनांनी बड्या कुरणमालकांच्या जमिनींत घुसून गुरे हाकलायला सुरुवात केली, तेव्हा डाइलने लवाद नेमून ती लाट आवरली. राष्ट्रीय एकजूट वर्गलढ्याने फुटू नये हा त्यामागचा हेतू होता. मे 1920 मध्ये नॉकलाँगच्या डेअरीवर कामगारांनी ताबा मिळवून तिला 'सोव्हिएत' म्हटले; त्याआधी एप्रिल 1919 मध्ये लिमरिक शहरात असाच प्रयोग झाला होता. आणि डाइलची ती न्यायालये? 1922 मध्ये ती गुंडाळली कोणी तर नव्या आयरिश सरकारनेच.

तुकडी डोंगरात शस्त्रांचा सराव करते आणि ऑक्झिलरींच्या लॉऱ्यांवर छापा घालते, त्या दृश्यात 28 नोव्हेंबर 1920 च्या किल्मायकलच्या हल्ल्याची छाया आहे. तिथे आयआरएच्या टॉम बॅरीच्या तुकडीने 18 पैकी 17 ऑक्झिलरी मारले आणि आपले तीन गमावले. पंधरवड्याच्या आत, 11 डिसेंबरच्या रात्री, ऑक्झिलरींनी कॉर्क शहराचा मध्यभाग पेटवून दिला. लोच यांनी विजयानंतरचा जल्लोष दाखवलेला नाही. रस्त्यावर पडलेली प्रेते पाहून पोरांना ओकारी येते, आणि वेळ न दवडता पुढच्या दृश्यात शिनेडच्या घराला आग लागलेली दिसते. शिनेड (ऑर्ला फिट्झजेरल्ड) ही मारल्या गेलेल्या मिहॉलची बहीण, तुकडीची निरोप्या आणि डॅमियनची प्रेयसी. तिचे केस सैनिक जबरदस्तीने कापतात. शेतकरी घरातल्या बायकांनी या युद्धात जे सोसले त्याला इतकी जागा याआधीच्या कुठल्याही चित्रपटाने दिली नव्हती.

11 जुलै 1921 रोजी युद्धबंदी झाली. 6 डिसेंबरला पहाटे लंडनमध्ये तहावर सह्या झाल्या. तहाने आयर्लंडच्या 26 काउंट्यांना कॅनडासारखा वसाहतीच्या स्वराज्याचा दर्जा दिला. ब्रिटिश सैन्य जाणार होते, करवसुली आणि कायदे आयरिश संसदेकडे येणार होते. पण लोकप्रतिनिधींना राजाशी निष्ठेची शपथ घ्यावी लागणार होती, तीन बंदरे ब्रिटिश आरमाराकडे राहणार होती, आणि उत्तरेच्या सहा काउंट्यांना बाहेर राहायची मुभा होती. तह नाकारला तर ताबडतोब भीषण युद्ध, असा दम ब्रिटिश पंतप्रधान लॉइड जॉर्ज यांनी भरला होता. डाइलने 7 जानेवारी 1922 रोजी 64 विरुद्ध 57 मतांनी तह मान्य केला. चित्रपटातल्या गावाला ही बातमी कळते ती सिनेमाच्या तंबूसारख्या सभागृहात दाखवलेल्या मूक बातमीपटातून: आधी टाळ्या, मग एकेक अट पडद्यावर येऊ लागते तशी कुजबुज आणि शेवटी आरडाओरडा. त्यानंतरच्या सभेत तहाच्या दोन्ही बाजू पुरेपूर मांडल्या जातात. टेडी तहाच्या बाजूने, डॅमियन विरोधात.

इथे चित्रपटाबद्दल एक आक्षेप नोंदवायला हवा. लोच यांच्या सभेत तहविरोधकांचा युक्तिवाद प्रामुख्याने गरिबी, जमीन आणि सत्ता यांच्याबद्दल आहे. डाइलमधल्या खऱ्या चर्चेत बहुतेक वेळ गेला तो शपथ, राजा आणि प्रजासत्ताक यांवर. फाळणीबद्दलही आश्चर्य वाटावे इतके कमी बोलले गेले. लियम मेलोज यांच्यासारखे थोडे समाजवादी तहविरोधकांत होते, आणि मेलोज यांनी तुरुंगातून जमीन व उद्योगांबद्दल कार्यक्रम लिहून पाठवलाही. पण बंदूक घेऊन उभे राहिलेल्या बहुतेकांना 1916 ला घोषित झालेले प्रजासत्ताक सोडायचे नव्हते, एवढेच पुरेसे होते. उलट बाजूला, तहाला मते देणाऱ्यांत मोठे शेतकरी, दुकानदार आणि चर्च होते हेही खरे. म्हणजे चित्रपटाचा वर्गविचार हवेतून आलेला नाही, मात्र त्याला त्या वेळच्या माणसांच्या मनात होते त्यापेक्षा पुष्कळ जास्त वजन मिळाले आहे. रॉय फॉस्टर यांच्यासारख्या आयरिश इतिहासकाराने चित्रपटावर मुख्यतः याच मुद्द्यावर टीका केली.

भावाने भावाला मृत्युदंड देण्याचा शेवट मात्र अतिनाट्यमय वाटला तरी इतिहास त्याहून कमी नाट्यमय नव्हता. एप्रिल 1922 मध्ये तहविरोधी तुकड्यांनी डब्लिनची 'फोर कोर्ट्स' ही न्यायालयांची इमारत ताब्यात घेतली. 28 जूनला मायकेल कॉलिन्स यांच्या तहवादी सरकारने ब्रिटिशांकडून आणलेल्या तोफांनी त्या इमारतीवर मारा केला आणि यादवी सुरू झाली. ऑगस्टमध्ये सरकारी फौजा समुद्रमार्गे उतरून कॉर्क शहर घेऊन बसल्या. 22 ऑगस्टला कॉर्क काउंटीतच बेल ना ब्ला इथे मायकेल कॉलिन्स मारले गेले. ज्या स्थानिक तुकडीने तो सापळा रचला तिचा प्रमुख नखे उपटली गेलेला टॉम हेल्स होता, कॉलिन्स यांचा जुना मित्र. टॉमचा सख्खा भाऊ शॉन हेल्स तहाच्या बाजूने, सरकारी फौजेत अधिकारी आणि डाइलचा सभासद. सप्टेंबरच्या अखेरीस डाइलने बेकायदा शस्त्र बाळगणाऱ्याला लष्करी न्यायालयातून मृत्युदंड देण्याचा ठराव केला. ऑक्टोबरमध्ये बिशपांनी पत्रक काढून तहविरोधी लढवय्यांना धर्मविधी नाकारले. चित्रपटात पाद्री व्यासपीठावरून तेच सांगतो आणि डॅमियनचे सोबती उठून जातात. 17 नोव्हेंबरला पहिल्या चौघांना गोळ्या घातल्या. 24 नोव्हेंबरला तहविरोधी लेखक अर्स्किन चाइल्डर्स यांना, एक छोटे पिस्तूल सापडल्यावरून. त्यांचा मुलगा 1973 मध्ये आयर्लंडचा राष्ट्राध्यक्ष झाला.

7 डिसेंबर 1922 रोजी डब्लिनमध्ये शॉन हेल्स यांची हत्या झाली. दुसऱ्या दिवशी पहाटे, कोणताही खटला न चालवता, रोरी ओ'कॉनर, लियम मेलोज, जो मॅकेल्व्ही आणि कॉर्कचा डिक बॅरेट या चार कैद्यांना सूड म्हणून गोळ्या घालण्यात आल्या. या निर्णयात सहभागी झालेले मंत्री केव्हिन ओ'हिगिन्स यांचे लग्न ऑक्टोबर 1921 मध्ये झाले होते आणि त्या लग्नात वराचे पाठराखे होते रोरी ओ'कॉनर. यादवीत सरकारने अधिकृतपणे दिलेल्या मृत्युदंडांची संख्या 77 धरतात. ब्रिटिशांनी स्वातंत्र्ययुद्धात दिलेल्यांच्या ती तिप्पट आहे. मार्च 1923 मध्ये केरी काउंटीत बॅलिसीडी इथे नऊ कैद्यांना सुरुंगाभोवती बांधून उडवून देण्यात आले. एक वाचला, त्याने हकिगत सांगितली. 24 मे 1923 रोजी शस्त्रे पुरून टाकण्याचा हुकूम निघाला आणि यादवी थांबली.

या पार्श्वभूमीवर चित्रपटातला शेवट पाहावा. शस्त्रे लुटायला गेलेला डॅमियन पकडला जातो. हिरव्या गणवेशातला टेडी त्याला विनवतो: शस्त्रे कुठे लपवली ते सांग, सुटशील. डॅमियनला क्रिस रायलीची आठवण आहे. आपण ज्या कारणासाठी त्या पोराला मारले ते आता स्वतः कसे करायचे? पहाटे टेडीच गोळीबाराचा हुकूम देतो. मग तो डॅमियनचे पत्र घेऊन शिनेडकडे जातो, आणि क्रिसची आई जे डॅमियनला म्हणाली तेच शिनेड टेडीला म्हणते. मर्फीचा अभिनय सर्वत्र वाखाणला गेला, पण शेवटच्या अर्ध्या तासात चित्रपट तोलून धरतो तो डिलेनी.

चित्रपटाचा सर्वांत मोठा दोष त्यात जे नाही त्यात आहे. उत्तरेतल्या सहा काउंट्या आणि तिथले प्रोटेस्टंट यात जवळजवळ दिसत नाहीत. त्याहून खटकणारी गोष्ट कॉर्कमधलीच आहे. एप्रिल 1922 च्या अखेरीस, म्हणजे तह आणि यादवी यांच्या मधल्या काळात, डनमॅनवे आणि बँडनच्या खोऱ्यात 13 प्रोटेस्टंट लोकांना ठार मारण्यात आले. तो सूड होता, धर्मद्वेष होता की फितुरीचा संशय, यावर इतिहासकार पीटर हार्ट यांचे 1998 चे पुस्तक आल्यापासून इतिहासकारांत कडाक्याचे वाद झाले. ज्या डोंगरदऱ्यांत चित्रपट घडतो, त्याच दऱ्यांतली ही घटना. तिचा साधा उल्लेखही नसणे हा दुर्लक्षाचा नव्हे, निवडीचा प्रश्न आहे, आणि ही निवड चित्रपटाला कमी प्रामाणिक करते.

ब्रिटनमधल्या उजव्या वर्तमानपत्रांनी आक्षेप घेतला तो या कारणाने नव्हे. ब्रिटिश सैनिक क्रूर दाखवले, करदात्यांचा पैसा देशद्रोही चित्रपटाला दिला, असा तो आरडाओरडा होता, आणि टीकाकारांपैकी काहींनी चित्रपट पाहिलेलाही नव्हता. कानमध्ये लोच यांनी भूतकाळाबद्दल खरे बोलता आले तर वर्तमानाबद्दलही बोलता येईल, अशी अपेक्षा व्यक्त केली होती. इराकमध्ये ब्रिटिश सैन्य होते तेव्हाची ही गोष्ट, त्यामुळे रोख कुणाच्याही लक्षात आला.

आयरिश युद्धावरच्या चित्रपटांची परंपरा जुनी आहे. 1926 चा 'आयरिश डेस्टिनी' हा मूकपट, 1935 चा जॉन फोर्ड यांचा 'द इन्फॉर्मर', 1959 चा जेम्स कॅग्नीचा 'शेक हँड्स विथ द डेव्हिल' ही त्यातली ठळक नावे. लोच यांच्याशी खरी तुलना होते ती नील जॉर्डन यांच्या 'मायकेल कॉलिन्स'शी (1996). व्हेनिसच्या महोत्सवात त्याला 'गोल्डन लायन' मिळाला आणि नायक लियम नीसन यांना अभिनयाचे पारितोषिक. जॉर्डन यांचा चित्रपट नेत्यांचा, डब्लिनचा आणि डावपेचांचा आहे. वेग त्याचा मोठा, पण इतिहासाशी तो सैलपणे वागतो: 21 नोव्हेंबर 1920 रोजी डब्लिनच्या क्रोक पार्क मैदानावर ब्रिटिश दलांनी प्रेक्षकांवर केलेल्या गोळीबारात चिलखती गाडी मैदानात घुसून गोळ्या झाडते असे त्यात दिसते, प्रत्यक्षात तसे घडले नाही, आणि पोलिसांतले कॉलिन्स यांचे हेर नेड ब्रॉय यांना त्यात मारून टाकले आहे, खरे ब्रॉय पुढे आयरिश पोलिसांचे प्रमुख झाले. लोच यांनी काल्पनिक माणसे घेतल्याने अशा चुकांपासून ते वाचले. कॉलिन्स आणि तहविरोधकांचे नेते डी व्हॅलेरा त्यांच्या चित्रपटात पात्र म्हणून येतच नाहीत.

महाराष्ट्रातल्या वाचकांना हा इतिहास एके काळी चांगला परिचित होता. न. चिं. केळकरांनी आयर्लंडचा इतिहास मराठीत लिहिला होता आणि टिळकांनी एप्रिल 1916 मध्ये बेळगावात स्थापन केलेल्या संघाचे 'होमरूल' हे नाव आयर्लंडवरूनच आले होते. त्याच एप्रिलच्या अखेरच्या आठवड्यात डब्लिनमध्ये उठाव झाला, आणि आयर्लंडमधले होमरूलचे राजकारण त्याने कायमचे मोडीत काढले.

आयर्लंडमध्ये हा चित्रपट तुफान चालला. आयरिश बनावटीच्या स्वतंत्र चित्रपटांत कमाईचा विक्रम त्याने केला आणि तो 2011 मध्ये 'द गार्ड' येईपर्यंत टिकला. ज्या फुटीवर तो संपतो तिनेच पुढचे आयरिश राजकारण घडवले: तहाच्या बाजूने आणि विरोधात उभ्या राहिलेल्यांतून फिने गेल आणि फियाना फॉल हे दोन पक्ष निघाले आणि त्यांनी आळीपाळीने देश चालवला. हे दोन पक्ष पहिल्यांदा एकाच सरकारात एकत्र बसले ते 27 जून 2020 रोजी, आणि त्या सरकारचे पंतप्रधान मिहॉल मार्टिन कॉर्कचे होते.